बरणीतील सृष्टी आणि वहीतील सत्य
शालेय विज्ञान प्रकल्पासाठी छोटी परिसंस्था कशी उभारावी?

दिवाळीची सुट्टी संपली की पुण्यातील शाळांमध्ये विज्ञान प्रदर्शनांची लगबग सुरू होते. आपल्या धर्मग्रामांतील अनेक पालकांना त्या दिवसांचा अनुभव आहे. हिरवा रंग दिलेला थर्माकोलचा डोंगर, निळ्या जिलेटीन कागदाची नदी, काठावर प्लॅस्टिकचा वाघ, समोर प्लॅस्टिकचे हरीण आणि दोघांना जोडणारा पुठ्ठ्याचा बाण. खाली सुवाच्य अक्षरांत लिहिलेले 'परिसंस्था'! अशी प्रतिकृती आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत बहुधा आईवडीलच तयार करीत बसलेले असतात. हल्ली ती तयार स्वरूपात विकतही मिळते. प्रदर्शन संपले की तिची रवानगी कचऱ्यात होते. थर्माकोलच्या एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवर आणि सजावटीवर महाराष्ट्र शासनाने २०१८ साली बंदी घातली. तरीही पर्यावरण शिकविण्यासाठी थर्माकोल वापरण्याची सवय अजून पुरती सुटलेली नाही.

अशा प्रतिकृतीत काहीच चुकू शकत नाही, हा तिचा खरा दोष होय. प्लॅस्टिकचे हरीण मरत नाही, जिलेटीनची नदी नासत नाही. जेथे काही बिघडू शकत नाही, तेथे शिकण्यासारखेही फारसे उरत नाही. याउलट एका काचेच्या बरणीत थोडी वाळू, थोडे पाणी, दोन-चार पाणवनस्पती आणि एखादी गोगलगाय घेऊन उभारलेली जिवंत परिसंस्था मुलांना रोज नवा प्रश्न विचारते. ती कशी उभारावी, तिच्यात काय घडते आणि ती बिघडली तर काय करावे, याची माहिती वाचकांपुढे ठेवावी, हा या लेखाचा हेतू आहे.

परिसंस्था म्हणजे काय?

एखाद्या ठिकाणचे सर्व सजीव आणि त्यांच्याभोवतीचे निर्जीव घटक, म्हणजे माती, पाणी, हवा, प्रकाश व उष्णता, यांचे परस्परांशी अखंड देणेघेणे चालू असते. या संपूर्ण व्यवस्थेला परिसंस्था म्हणतात. ही संकल्पना इंग्लंडमधील वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्स्ली यांनी १९३५ साली मांडली. सजीवांचा विचार त्यांच्या परिसरापासून तोडून करता येणार नाही, दोन्ही मिळून एकच व्यवस्था होते, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता.

या व्यवस्थेत तीन प्रकारचे सजीव असतात. हिरव्या वनस्पती आणि शैवाल प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करतात, ते उत्पादक. ते अन्न खाणारे प्राणी हे भक्षक. मेलेली पाने, विष्ठा आणि मृत देह यांचे विघटन करून त्यांतील द्रव्ये पुन्हा मातीला व पाण्याला देणारे सूक्ष्म जीव हे विघटक. थर्माकोलच्या प्रतिकृतीत पहिले दोघे दिसतात, तिसरा कधीच दिसत नाही. वास्तविक बरणीचे भवितव्य बहुतांशी या न दिसणाऱ्या तिसऱ्याच्याच हाती असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. झाकण घट्ट लावलेल्या बरणीत द्रव्य आत येत नाही आणि बाहेर जात नाही. तेच पाणी, तोच कर्ब, तोच प्राणवायू पुनःपुन्हा वापरला जातो. ऊर्जेचे मात्र तसे नाही. ती प्रकाशाच्या रूपाने सतत आत यावी लागते आणि उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. म्हणूनच बरणी अंधाऱ्या कपाटात ठेवली, तर आतील सारा व्यवहार थोड्याच दिवसांत ढासळतो.

काचेआडच्या प्रयोगांचा इतिहास

बंद काचेत जीवन टिकते का, हा प्रश्न जुना आहे. इंग्लंडमधील धर्मोपदेशक आणि रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांनी १७७१ साली काचेच्या भांड्याखाली मेणबत्ती विझेपर्यंत जळू दिली. त्या 'बिघडलेल्या' हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली असता काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळू शकली. पुढे डच वैद्य यान इंगेनहाऊझ यांनी १७७९ साली दाखवून दिले की, हवा सुधारण्याचे हे काम वनस्पतींचे हिरवे भागच करतात आणि तेही केवळ प्रकाशात. अंधारात वनस्पतीसुद्धा प्राण्यांप्रमाणेच हवा दूषित करतात.

त्यानंतर सुमारे ५० वर्षांनी, १८२९ च्या सुमारास, लंडनमधील एक डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनी पतंगाचा कोश ओल्या मातीत घालून काचेच्या बंद बाटलीत ठेवला. पतंगाकडे लक्ष असताना त्यांना मातीतून उगवलेले नेचे आणि गवत दिसले. लंडनच्या धुरकट हवेत त्यांच्या अंगणात न जगणारा नेचा बाटलीत सुखाने वाढत होता. दिवसा पाण्याची वाफ होई, ती काचेवर जमे आणि पुन्हा मातीत उतरे. यातूनच 'वॉर्डची पेटी' जन्माला आली. अशा पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यून यांनी १८४८ नंतरच्या काळात चीनमधील चहाची रोपे भारतात हिमालयाच्या पायथ्याशी आणली. आपल्या घरी सकाळी होणाऱ्या चहाचे नाते त्या बंद काचेशी असे जोडलेले आहे!

साहित्य आणि कृती

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू या. चार ते पाच लिटर पाणी मावेल अशी रुंद तोंडाची स्वच्छ काचेची बरणी घ्यावी. ती केवळ पाण्याने धुवावी; साबणाचा अंश राहिल्यास आतील जीव दगावतात. तळाशी दोन बोटे उंचीचा, अनेकदा धुतलेल्या बारीक वाळूचा थर द्यावा. वाळूखाली बागेतील साधी माती चमचा-दोन चमचे पुरेशी होते. शेणखत किंवा गांडूळखत घालण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. त्याचे कारण पुढे येईलच.

नळाच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून क्लोरीन मिसळलेला असतो. असे पाणी पसरट भांड्यात किमान २४ तास उघडे ठेवावे, म्हणजे क्लोरीन उडून जातो. नंतर ते सावकाश बरणीत ओतावे आणि वरचा पाव भाग हवेसाठी मोकळा ठेवावा. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात हायड्रिला आणि रिबिनीसारख्या लांब पानांची वॅलिसनेरिया या पाणवनस्पती मिळतात. त्यांच्या पाच-सहा काड्या वाळूत रोवाव्यात. बरणीच्या तोंडावर बारीक विणीचे मलमल घट्ट बांधावे. उघड्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरविणारे डास अंडी घालतात, हे पुणेकरांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

यानंतरची पायरी बहुतेक मुले गाळतात. ती पायरी म्हणजे वाट पाहणे. प्राण्यांच्या विष्ठेतून आणि कुजणाऱ्या पानांतून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. एका जातीचे जीवाणू त्याचे रूपांतर नायट्राइटमध्ये करतात. तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात आणि ते वनस्पती खत म्हणून शोषून घेतात. हे जीवाणू वाळूच्या कणाकणावर आपली वस्ती वसवितात. परंतु ती वस्ती पुरेशी वाढण्यास तीन ते सहा आठवडे लागतात. नव्या बरणीत पहिल्याच दिवशी प्राणी सोडले, तर त्यांची घाण साफ करणारे कोणी तेथे आलेलेच नसते.

म्हणून निदान तीन आठवडे केवळ वनस्पती असू द्याव्यात. त्यांना नवे कोंब फुटू लागले आणि पाणी नितळ राहिले, की मगच चपट्या शंखाच्या दोन लहान गोगलगायी सोडाव्यात. पुष्कळदा त्या पाणवनस्पतींना चिकटून फुकटच येतात. त्यांना वेगळे अन्न घालू नये. काचेवरचे शैवाल आणि गळालेली पाने त्यांना पुरतात. आणखी काही दिवस सर्व ठीक चालले, की मलमल काढून झाकण घट्ट लावावे आणि पाण्याच्या पातळीवर बाहेरून खूण करावी. ती पातळी जवळपास कायम राहिली, म्हणजे झाकण हवाबंद आहे असे समजावे.

बंद बरणीत मासा मात्र ठेवू नये. माशाला लागणारा प्राणवायू चार-पाच लिटर पाण्यातील मूठभर वनस्पती रात्रंदिवस पुरवू शकत नाहीत. बक्षिसासाठी एखाद्या जिवाला गुदमरत ठेवणे हे विज्ञान नव्हे.

प्रश्न असेल तरच प्रकल्प

बरणी हिरवीगार झाली, एवढ्याने प्रकल्प पूर्ण होत नाही. तोवर ती एक शोभेची वस्तू असते. प्रकल्प होण्यासाठी एक प्रश्न लागतो आणि त्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकेल अशी दुसरी बरणी लागते. उदाहरणार्थ, 'प्रकाश कमी झाल्यास काय होते?' हा प्रश्न घेतला, तर सर्व बाबतीत सारख्या दोन बरण्या कराव्यात. एक उजेडात ठेवावी, दुसरीवर काळा कागद गुंडाळावा. अंधाराच्या बरणीत अर्थातच प्राणी घालू नयेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर कोणत्या गोष्टीमुळे फरक पडला, ते सांगता येत नाही.

माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत ब्रोमोथायमॉल ब्लू हे दर्शक द्रव्य असेल, तर शिक्षकांच्या मदतीने एक सुंदर प्रयोग करता येतो. परीक्षानळीतील पाण्यात त्याचे काही थेंब टाकून नळीने हळूच फुंकर घालावी, पाणी तोंडात ओढू नये. आपल्या उच्छ्वासातील कर्बवायूमुळे निळे पाणी पिवळे होते. आता अशा दोन नळ्यांत हायड्रिलाची एकेक काडी घालावी. एक नळी उजेडात ठेवावी, दुसरीला काळा कागद लावावा. काही तासांनी उजेडातील पाणी पुन्हा निळसर होते, कारण वनस्पतीने कर्बवायू वापरलेला असतो. अंधारातील पाणी पिवळेच राहते. इंगेनहाऊझ यांनी १७७९ साली जे दाखविले, ते मुलाला आपल्या डोळ्यांनी दिसते.

या साऱ्याचा प्राण म्हणजे नोंदवही. रोज ठरावीक वेळी तारीख, तापमान, पाण्याचा रंग, काचेवरील बाष्प, पानांवरील बुडबुडे आणि गोगलगायींची जागा लिहावी. शक्य असल्यास पहाटेही एकदा पाहावे. रात्रभर वनस्पती आणि प्राणी सारेच प्राणवायू वापरीत असतात. त्यामुळे सूर्योदयापूर्वी पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो. काही दिसले नाही, तर 'काही बदल नाही' असे लिहावे. तीही नोंदच असते.

आमच्या घरची बरणी

हे सारे लिहिताना आम्हांस आमच्या घरची एक हकीकत सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या धाकट्या कन्येने ऑगस्ट महिन्यात अशी बरणी मांडली. आमच्या घराची गॅलरी दक्षिणेकडे आहे. पावसाळ्यात तेथे छान उजेड असतो आणि ऊन मुळीच येत नाही, म्हणून तिने तीच जागा निवडली. सप्टेंबरभर बरणी उत्तम चालली. वनस्पती वाढल्या, तीन गोगलगायींनी काच चाटूनपुसून स्वच्छ ठेवली. आम्ही सर्वांनी तिचे कौतुक केले आणि बरणीकडे पाहणे सोडून दिले.

दसऱ्यानंतर सूर्य दक्षिणेकडे सरकला. ऑगस्टमध्ये गॅलरीच्या छज्जामागे राहणारे दुपारचे ऊन आता तिरपे होऊन थेट बरणीवर पडू लागले. त्यातच ऑक्टोबरची उन्हाळी. हे कोणाच्याच ध्यानात आले नाही. एका संध्याकाळी पाणी पांढुरके दिसले. दुसऱ्या दिवशी तिन्ही गोगलगायी तळाशी निश्चल पडलेल्या होत्या आणि झाकण उघडताच दुर्गंधीने घर भरून गेले.

शाळेचे प्रदर्शन आठ दिवसांवर आले होते. कन्या रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "बाबा, दुकानातून नव्या गोगलगायी आणून टाकू या का? पाणीही बदलू. कोणाला कळणार आहे?"

आम्ही प्रांजळपणे सांगतो की, आम्हीही क्षणभर चपला पायांत घातल्या होत्या. मूल हिरमुसलेले पाहवत नाही आणि दुकान कोपऱ्यावरच होते. परंतु जाता जाता तिची वही सहज उघडून पाहिली, तेव्हा पाऊल अडखळले. दोन महिन्यांच्या नोंदी तीत होत्या. शेवटच्या दहा दिवसांत दुपारचे तापमान चढत गेल्याचे तिने स्वतःच्या हाताने लिहून ठेवले होते. कारण वहीत होते, ते वाचले मात्र कोणी नव्हते. नव्या गोगलगायी टाकल्या असत्या, तर ती सारी पाने खोटी ठरली असती.

आम्ही दोघे बसलो आणि हिशेब मांडला. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहतो. ३० अंशाला तो सुमारे साडेसात मिलिग्रॅमच राहू शकतो. पुणे उंचावर असल्याने येथे तो आणखी थोडा कमी. म्हणजे पाणी तापले की प्राणवायू घटतो आणि नेमक्या त्याच वेळी उष्णतेमुळे प्राण्यांची व जीवाणूंची प्राणवायूची गरज वाढते. त्यात उन्हाचा दाह वेगळाच. पहिली गोगलगाय दगावल्यावर तिच्या कुजण्याने उरलेला प्राणवायूही संपला असावा.

प्रदर्शनात तिने ती मृत बरणीच ठेवली, शेजारी वही उघडी ठेवली आणि वर लिहिले, 'माझी परिसंस्था का कोसळली?' तिला बक्षीस मिळाले नाही. पण परीक्षक तिच्या टेबलापाशी बराच वेळ थांबले आणि त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला तिने स्वतः उत्तर दिले. त्या दिवशी तिला विज्ञान म्हणजे काय ते कळले, आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही!

मोठ्या बरणीतील मोठी चूक

अशी चूक केवळ मुलांच्याच हातून होते असे नाही. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात सुमारे सव्वातीन एकर जागेवर 'बायोस्फिअर २' नावाची काचेची प्रचंड वास्तू उभारण्यात आली. तीत वर्षावन, गवताळ प्रदेश, लहानसा समुद्र आणि शेती होती. २६ सप्टेंबर १९९१ रोजी चार पुरुष व चार स्त्रिया तीत बंद झाल्या आणि दोन वर्षांनी बाहेर आल्या. मधल्या काळात एक विपरीत गोष्ट घडली. आतील हवेतील प्राणवायू जवळजवळ २१ टक्क्यांवरून उतरत उतरत सोळा महिन्यांत सुमारे साडेचौदा टक्क्यांवर आला. माणसे थकू लागली, त्यांना नीट झोप येईना. अखेर जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून प्राणवायू सोडावा लागला.

कारण काय होते? पिके जोमाने यावीत म्हणून माती सेंद्रिय द्रव्यांनी अतिशय समृद्ध केलेली होती. तिच्यातील असंख्य जीवाणू ती द्रव्ये कुजवताना प्राणवायू वापरीत होते आणि कर्बवायू सोडीत होते. मग कर्बवायू त्याच प्रमाणात का वाढला नाही, या कोड्याने शास्त्रज्ञ काही काळ चक्रावले. कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी त्याचा उलगडा केला. इमारतीतील काँक्रीटने तो कर्बवायू शोषून घेतला होता आणि त्यामुळे वनस्पतींना त्याचे पुन्हा प्राणवायूत रूपांतर करण्याची संधीच मिळाली नव्हती. बरणीत खत घालू नये असे आम्ही वर म्हटले, ते यासाठीच. न दिसणाऱ्या विघटकांना गरजेपेक्षा अधिक अन्न दिले, की ते सर्वांचा श्वास खातात.

बायोस्फिअरचे लोक यामुळे हास्यास्पद ठरले, असे तेव्हा अनेकांना वाटले. परंतु त्यांनी आकडे जपून ठेवले होते, म्हणून जगाला एक नवी गोष्ट समजली. आज ती वास्तू ॲरिझोना विद्यापीठाच्या ताब्यात असून तेथे संशोधन चालते.

मुठेच्या काठची बरणी

ज्यांना प्राणी ठेवायचेच नाहीत, त्यांच्यासाठी आणखी एक प्रकल्प सुचवावासा वाटतो. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८८० च्या दशकात तो योजिला. उंच पारदर्शक बाटलीत तळ्याकाठचा चिखल घ्यावा. त्यात वर्तमानपत्राचे बारीक तुकडे, खडूची पूड आणि उकडलेल्या अंड्याचा थोडा पिवळा बलक मिसळावा. वर थोडे तळ्याचेच पाणी घालून बाटली सैल झाकावी आणि खिडकीपाशी उजेडात ठेवावी. सहा ते आठ आठवड्यांत तिच्यात रंगांचे पट्टे उमटू लागतात. वर प्राणवायू मिळणारे हिरवे शैवाल, मध्ये तांबूस व जांभळट जीवाणू आणि तळाशी, जेथे प्राणवायू मुळीच नाही तेथे, काळा थर. तळाचे जीवाणू प्राणवायूऐवजी सल्फेट वापरतात आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. त्याचा लोहाशी संयोग होऊन चिखल काळा पडतो.

हा काळा रंग आणि हा वास पुणेकरांना अपरिचित नाही. मुठा नदी खडकवासला धरणाखालून शहरात शिरते, संगमावर मुळेला मिळते आणि मुळा-मुठा होऊन पुढे भीमेकडे जाते. धरणाचे पाणी कालव्यांत आणि नळांत वळविले जात असल्याने पावसाळ्याव्यतिरिक्त पात्रात मूळचा प्रवाह फार थोडा उरतो आणि त्यात शहराचे सांडपाणी मिसळते. सांडपाणी म्हणजे विघटकांना दिलेले गरजेपेक्षा अधिक अन्न. ते कुजवताना जीवाणू पाण्यातील प्राणवायू संपवून टाकतात आणि नदीचा तळ विनोग्राडस्कींच्या बाटलीचा तळ होतो. नदी सुधारण्यासाठी जपानच्या जायका या संस्थेच्या अर्थसाहाय्याने ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे उभारण्याचा पुणे महानगरपालिकेचा प्रकल्प २०१६ साली मंजूर झाला. अशी केंद्रे नेमके कोणते काम करतात, हे बाटली पाहिलेल्या मुलाला सांगावे लागत नाही. ती विघटकांचे जेवण नदीबाहेर, भरपूर हवा पुरवून, उरकून घेतात.

हीच गोष्ट एका दिवसात दाखविता येते. दोन छोट्या बाटल्या पाण्याने काठोकाठ भराव्यात. एकीत केवळ शिळे केलेले नळाचे पाणी असावे. दुसरीत त्याच पाण्यात चमचाभर दूध आणि चिमूटभर बागेतील माती घालावी. दोन्हींत मिथिलीन ब्लूचे दोन-तीन थेंब टाकून बुचे घट्ट लावावीत. प्राणवायू असेपर्यंत हा रंग निळा राहतो. तो संपला की रंग उडतो. दुधाची प्रत तपासण्यासाठी दुग्धशाळांमध्ये हीच युक्ती वापरली जाते. साध्या पाण्याची बाटली निळी राहते, दुधाची मात्र हळूहळू फिकी पडते. चमचाभर दुधाने एवढे होते, तर घराघरांतून मोरीत जाणाऱ्या खरकट्याने काय होत असेल, हा प्रश्न मुले आपणहून विचारतात.

काही पथ्ये

चिखल किंवा पाणी गोळा करण्यास मुलांना एकटे पाठवू नये. मोठ्यांनी सोबत जावे, हातमोजे वापरावेत, नंतर साबणाने हात धुवावेत. नाल्यांतून किंवा सांडपाणी मिसळणाऱ्या पात्रातून चिखल घेऊ नये. त्यात रोगजंतू असतात. बेडूक, कासव वा इतर वन्य प्राणी प्रकल्पासाठी पकडू नयेत. त्यांतील अनेक जातींना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चे संरक्षण आहे.

प्रदर्शन संपल्यावर बरणी तळ्यात किंवा नदीत रिकामी करू नये. दयाळूपणे 'सोडून दिलेले' परके जीव मूळच्या जिवांना हटवून बसतात. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीने पुण्यातील तलाव आणि नद्या कशा झाकून टाकल्या आहेत, ते आपण पाहतोच. वनस्पती वाळवून कुंडीत पुराव्यात, गोगलगायी दुकानात परत द्याव्यात किंवा बरणी तशीच पुढे चालू ठेवावी.

मुलांना अशा प्रयोगांची गोडी लागावी म्हणून पुण्यात उत्तम सोयी आहेत. विद्यापीठाच्या परिसरातील आयुका संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी कशी करावीत, ते मुलांना शिकविले. त्यांचे साहित्य मराठीतूनही विनामूल्य उपलब्ध आहे. कॅम्पाजवळच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जुन्या वृक्षांच्या सावलीत पडलेला पाचोळा हाताने उलगडून पाहिला, तरी विघटकांचे काम मुलांच्या ध्यानात येते.

वेळेविषयी एक सूचना. बरणी स्थिरावण्यास सहा आठवडे लागतात, हे लक्षात घेता सप्टेंबरच्या आरंभी काम सुरू करणे योग्य. योगायोगाने १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा ख्रिस्तसभेत सृष्टीच्या संगोपनासाठी राखून ठेवलेला काळ आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'लाऊदातो सी' या परिपत्रात पर्यावरणविषयक शिक्षणाचे महत्त्व आवर्जून मांडले आहे आणि त्या शिक्षणात कुटुंबाला मोठे स्थान दिले आहे. दिवाळीपर्यंत बरणी बंद होऊ शकते आणि सुट्टीत कुटुंब गावी गेले, तरी तिला कोणी पाणी घालण्याची गरज पडत नाही. जाण्यापूर्वी मात्र ऊन कोठून येते, तेवढे पाहून जावे!

पालकांना एकच विनंती

पालकहो, बरणी मुलांनाच करू द्या. ती तुमच्या हातच्या प्रतिकृतीइतकी देखणी होणार नाही. पाणी गढूळ होईल, पाने पिवळी पडतील, कदाचित सारेच कोसळेल. तेव्हा धावत दुकानात जाऊ नका. मुलाशेजारी बसा, वही उघडा आणि काय घडले ते त्याला लिहू द्या. जे बिघडले ते झाकून ठेवण्याची सवय शाळेच्या टेबलावर लागली, तर पुढे तीच नदीकाठी आणि कचेरीतही कामास येते. जे बिघडले ते मान्य करून त्याचे कारण शोधण्याची सवयही तेथेच लागू शकते.

आमच्या घरची ती बरणी धुऊन आम्ही पुन्हा मांडली आहे. या वेळी ती उत्तरेच्या खिडकीत आहे. शेजारी वहीही आहे आणि आता ती दोघे वाचतात.